पाचवं स्थान दुखवट्याच्या आंगणात

गुड फ्रायडेला आम्ही पहाटे पाचला निघतो. यवतमाळकडच्या एप्रिलात दहानंतर डांबर चटके देतं, म्हणून क्रूसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या अखेरच्या वाटेची आठवण करत थांबायची चौदा स्थानं त्याआधी आटोपावी लागतात. उपवास असतो, पण पाण्याचा नाही. लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घरूनच कालवून घ्यावं. आजाऱ्यांना आणि साठीपुढच्यांना उपवासाची सक्ती चर्चही करत नाही.

क्रूस ओल्या लाकडाचा करू नये. लाकूड वाळतं, जोड सैल पडतो आणि नुसत्या खिळ्यावरची आडवी फळी वाटेतच डुलायला लागते. दोन्ही लाकडांना निम्मी-निम्मी खाच पाडून ती एकमेकांत बसवावी, वरून काथ्यानं आवळावं. खांद्यावर पोत्याची घडी.

चालताना नारायण वामन टिळकांची भजनं, टाळ. पाचव्या स्थानाच्या शंभर पावलं अलीकडे टाळ बंद.

हे स्थान आम्ही अशा घराच्या आंगणात करतो, जिथला माणूस कर्जापायी जीव देऊन गेला. आदल्या दिवशी विचारायचं, "काकू, उद्या आलो तर चालंल का?" नाही म्हणाल्या तर पुढे निघायचं. पाचवं स्थान कुरेनेकर शिमोनाचं. लूकचं शुभवर्तमान सांगतं, तो शेतावरून येत होता. त्याला धरून येशूचा क्रूस त्याच्यावर लादला. त्यानं मागितला नव्हता. 2017 साली बोंडअळीनं कापूस खाल्ला, फवारणीच्या विषानं माणसं नेली, तेव्हा इथल्या वावरातून परतणाऱ्यांवरही असंच ओझं पडलं.

आंगणात खाली बसायचं. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस, सात रात्री गप्प बसले तोवर बरोबर होते. बोलू लागले आणि चुकले. "देवाची मर्जी" हे शब्द तोंडातून निघू देऊ नयेत. "हे नरकात गेले असतील का?" असं बाईनं विचारलंच, तर मात्र गप्प राहू नये. 1917 च्या कॅथलिक चर्च कायद्यानं जीव देणाऱ्या माणसाला ख्रिस्ती दफन नाकारलं होतं, 1983 च्या कायद्यानं ती बंदी काढली. आणि त्याच्या तारणाची आशा सोडू नये, हीच आज चर्चची शिकवण आहे. एवढंच सांगावं.

मग कागद. शासनाच्या 1 लाखाच्या मदतीसाठी सातबारा, कर्जखात्याचा उतारा, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. सातबारा सासऱ्याच्या नावावर असला की प्रकरण अडतं. नातं दाखवायला रेशनकार्ड जोडावं. झेरॉक्स आमच्या खर्चानं, मूळ कागद बाईच्याच पेटीत. तिथे बाप्तिस्म्याची गोष्ट काढणाऱ्याला आम्ही पुढल्या वर्षी सोबत नेत नाही.

सहावं स्थान येशूचं तोंड पुसणाऱ्या वेरोनिकाचं. तोवर ऊन चढलेलं असतं. ओला दुपट्टा हाताशी ठेवावा. कुणी बरळायला लागला किंवा घाम थांबून त्याचं अंग तापलं, तर प्रार्थना थांबवून आधी त्याला सावलीत न्यावं.