तिसरा रविवार: चाचणी चराच्या परवानगीचा माझा अनुभव

मातीच्या जुन्या बांधावर आडवा चर, म्हणजे आतले थर पाहण्यासाठीचा अरुंद लांब खड्डा, घेण्यास आमच्या पुरातत्त्व पथकाला पाच दिवस लागले. त्या जमिनीच्या मालकांची संमती मिळण्यास पावणेतीन महिने. त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

दक्षिण गोव्यातील एका गावाच्या सड्यावर कमरेइतक्या उंचीचा, अर्धवर्तुळाकार मातीचा बांध आहे आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला जवळजवळ बुजलेला खंदक आहे. गावात तो जुना गुरांचा कोंडवाडा समजला जातो. खाऱ्या पाण्यापासून इतक्या लांब आणि उंचावर असल्यामुळे तो खाजनाचा, म्हणजे खाडीलगतच्या शेतात खारे पाणी शिरू नये म्हणून घातलेला, बांध असण्याचा प्रश्नच नव्हता. कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथील जांभ्यावर कोरलेली चित्रे १९९३ मध्ये उजेडात आल्यापासून या भागातील अशा निनावी खुणांकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे, त्यामुळे हा बांधही प्रागैतिहासिक असू शकेल, असा आमच्या पथकप्रमुख मॅडमचा कयास होता. दिवाळीनंतर रेल्वेच्या नव्या मार्गाच्या खुंट्या बांधाच्या एका टोकावर ठोकलेल्या दिसल्या आणि कयास तपासण्याची घाई झाली.

इंग्लंडमध्ये १९९० पासून बांधकामाच्या परवानगीपूर्वीच असे चर घेण्याची पद्धत रूढ आहे. बकिंगहॅमशरमधील ग्रिम्स डिच या प्राचीन बांधावरही हाय स्पीड २ या रेल्वेच्या आधी पुरातत्त्वज्ञ पोहोचले. आपल्याकडे २००६ च्या पर्यावरणीय आघात अधिसूचनेत रेल्वेमार्ग नाहीतच, त्यामुळे रुळांआधी जमीन तपासण्याची जबाबदारी नेमक्या कोणत्या टेबलावर येते, हे सांगणारा एकही माणूस मला भेटला नाही. असंरक्षित जागेतील उत्खननालाही १९५८ च्या कायद्याच्या २४ व्या कलमाप्रमाणे केंद्राची पूर्वसंमती लागते. ती मॅडमच्या संस्थेमार्फत वेळेत आली. जमीनमालकाची संमती आणणे हे काम माझ्याकडे होते.

मालक म्हणजे गावची कोमुनिदाद, गावाची सामाईक जमीन सांभाळणारी गोव्यातील जुनी संस्था. संपादनाची अधिसूचना निघाली असली तरी जमिनीचा ताबा गेलेला नव्हता, म्हणून ठराव तिच्याच सभेचा हवा होता. अध्यक्षांनी सही करून पत्र द्यावे, अशी माझी भाबडी अपेक्षा होती. एस्क्रिव्हांवनी, म्हणजे कोमुनिदादीच्या लेखनिकांनी, शांतपणे समजावले की असा विषय असाधारण सभेतच घ्यावा लागतो, त्या सभेची सूचना राजपत्रात छापून यावी लागते आणि छापून आल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी सकाळी साडेदहाला सभा भरते. राजपत्र गुरुवारी निघते. सूचनेच्या मसुद्यावर कोमुनिदादींच्या सरकारी प्रशासकांची सही शुक्रवारी झाली, म्हणजे एक आठवडा तेथेच गेला.

पहिली सूचना डिसेंबरच्या आरंभी छापून आली. तिसरा रविवार मोजला, तर तो नेमका नाताळाआधीचा निघाला. मी साडेदहाला सभागृहाच्या पायरीवर बसलो होतो. बारापर्यंत मोजकेच गावकार, म्हणजे कोमुनिदादीचे सदस्य, आले आणि गणपूर्तीअभावी सभा पुढच्या रविवारवर गेली. पुढच्या रविवारी माणसे आली, चहा झाला, विषय वाचला गेला, आणि मागच्या बाकावरील एका वृद्ध गावकारांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारले की सूचनेतला सर्व्हे क्रमांक तळीकडचा आहे, बांध तर सड्यावर आहे, मग संमती नक्की कशाला द्यायची? पोटविभाग ६ च्या जागी ८ छापला गेला होता. सभा तेथेच संपली.

घरी येईपर्यंत मी मनात छापखान्यापासून कार्यालयापर्यंत सर्वांचा उद्धार केला. रात्री माझ्याच अर्जाची प्रत काढून पाहिली. मी जोडलेली ‘वन फोर्टीन’ची, म्हणजे नमुना १ व १४ च्या उताऱ्याची झेरॉक्स इतकी पुसट होती की त्यातला ६ कोणालाही ८ वाटला असता. तरीही माझे म्हणणे असे की मसुदा टंकित करणाऱ्याने एकदा फोन करून विचारायला हरकत नव्हती, कारण त्या एका आकड्यापायी नवी सूचना, नवा गुरुवार आणि नवा तिसरा रविवार मोजावा लागला, आणि दरम्यान मार्चमध्ये पोकलेन येणार असल्याचे ठेकेदाराचा मुकादम मला दर भेटीत हसत सांगत होता. म्हणून उतारा नवा काढावा, क्रमांक अर्जात अक्षरीही लिहावा आणि सर्व्हेचा नकाशा सोबत जोडून त्यावर चराची जागा लाल शाईने दाखवावी.

जानेवारीच्या अखेरच्या सभेत खरा प्रश्न बाहेर आला. “कितें मेळ्ळें जाल्यार जमीन आमची उरतली मूं?” (काही सापडले तर जमीन आमचीच राहील ना?) असे त्याच वृद्ध गावकारांनी विचारले, आणि गणपूर्तीच्या गोंधळामागे ही भीती आधीपासून होती की काय, अशी मला शंका आली. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामास मनाई आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण असते, हे गावात सर्वांना ऐकून ठाऊक होते. मी सांगितले की चर घेतल्याने कोणतीही जागा आपोआप संरक्षित होत नाही. त्यासाठी सरकारला हेतू जाहीर करून आक्षेपांसाठी दोन महिन्यांची मुदत द्यावी लागते. ठराव एकमताने झाला. हे उत्तर मी पहिल्याच भेटीत, कोणी विचारण्याआधी द्यायला हवे होते. आणि घरोघरी आधी जाऊन यावे. सभेत अनोळखी माणसाचे कोणी ऐकत नाही.

चर १२ मीटर लांब, दोन मीटर रुंद घेतला, बांधाला काटकोनात आणि थेट खंदकाच्या तळापर्यंत. बांधाच्या पोटात, मूळ जांभ्याच्या वर, जुन्या पृष्ठभागाची काळपट पट्टी स्पष्ट दिसली आणि तिच्यात कोळशाचे कण होते. तो क्षण मी कोणत्याही रविवारशी बदलणार नाही. इथल्या आम्ल मातीत हाड टिकणे कठीण, त्यामुळे बांधाचे वय ठरवण्याची सारी भिस्त कोळशावर आणि माती शेवटची उन्हात केव्हा होती हे सांगणाऱ्या नमुन्यांवर आहे. ते नमुने काळ्या कापडाखाली धातूच्या नळ्यांत घेतले. खापर एकच मिळाले, तेही वरच्या थरात, आणि त्यावरून वय ठरत नाही.

चौथ्या दिवशी ते वृद्ध गावकार काठी टेकत वर आले, चराच्या कडेला बराच वेळ उभे राहिले आणि काळ्या पट्टीकडे बोट दाखवून ती शेणाची राख आहे का, एवढेच त्यांनी विचारले. मॅडमनी त्यांना खाली उतरवून सेक्शन, म्हणजे चराच्या भिंतीत दिसणारे थर, दाखवला. चर बुजवून झाल्यावर तसे पत्र कोमुनिदादीला द्यायचे होते. त्याची पोच एस्क्रिव्हांवनी त्याच दिवशी दिली आणि पोटविभाग ६ स्वतःच्या हाताने, ठळक अक्षरांत लिहिला.