पंचनामा आणि मक्त्याची शेती

आमच्याकडे अतिवृष्टी झाली की तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनाम्याला येतात, चिखल तुडवत बांधापर्यंत जातात आणि नाव मात्र सातबाऱ्यावरचे लिहितात. ज्याने ते सोयाबीन पेरले त्याचा त्या कागदावर पत्ताच नसतो, कारण शेत मक्त्याचे, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या भाड्याने कसायला घेतलेले असते. मालक अनेकदा नागपूर-अमरावतीला नोकरीत असतो, वर्षाचा मक्ता त्याने पेरणीपूर्वीच रोख घेतलेला असतो आणि पुढे शासनाचे अनुदानही त्याच्याच खात्यावर जमा होते. मालक भला असला तर त्यातले काही देतो. पण शासनाचे कर्तव्य मालकाच्या भलेपणावर सोपवून चालणार नाही.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातील कलम १२ किमान मदतीचे निकष सांगताना जीवितहानी आणि घरांच्या नुकसानीबरोबर उपजीविकेची साधने पूर्ववत करण्यासाठीच्या साहाय्याचाही उल्लेख करते. उपजीविका बुडाली ती कसणाऱ्याची. मालकाची जमीन जागेवरच असते. (जमीनच खरडून गेली तर त्यासाठी वेगळा निकष आहे आणि ती रक्कम मालकाला मिळावी, यात वाद नाही.) पीकनुकसानीचे केंद्रीय निकष तर अधिकच बोलके आहेत. २०२२ पासूनच्या निकषांत, ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झालेल्या कोरडवाहू पिकाला दोन हेक्टरांच्या मर्यादेत हेक्टरी ८,५०० रुपये मिळतात, आणि ते निविष्ठा अनुदान म्हणून, म्हणजे बियाणे-खतासाठी. ते बियाणे कृषी केंद्रातून उधारीवर आणले कोणी?

मालक लेखी करार टाळतात, त्यामागे विदर्भासाठीच्या १९५८ च्या कूळ कायद्याची धास्ती आहे. कागद केला की उद्या कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, असे ते उघडपणे सांगतात, आणि ज्याची दोन-चार एकरच जमीन आहे त्याची ही भीती मला हसण्यावारी नेता येत नाही. परिणाम मात्र कसणाऱ्याला भोगावा लागतो: करार नाही म्हणून बँकेचे पीककर्ज नाही, विमाही नाही.

पंचनाम्याच्या नमुन्यात प्रत्यक्ष कसणाऱ्यासाठी एक रकाना वाढवावा, पोलीस पाटील आणि शेजारच्या खातेदारांच्या सह्यांनी तो भरला जावा, आणि केवळ या नोंदीवरून कुळाचा हक्क सांगता येणार नाही, हे कायद्यातच लिहावे. नमुना बदलायला शासन निर्णय पुरेल. कायद्याला दुरुस्ती लागेल, आणि विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते ते नागपुरातच.