नळीवरचं नाव

मे महिन्यातली रात्र. नागपुरात अकरा वाजताही कूलर गरम हवा फेकत होता. वॉर्डातून ब्लड बँकेत माझ्याकडे जांभळ्या झाकणाची नळी आणि फॉर्म आला: सिकलसेल (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार), हिमोग्लोबिन ६.८, दोन पिशव्या, तातडीने.

नळीतल्या रक्ताचा गट बी पॉझिटिव्ह निघाला. जुन्या रजिस्टरात फॉर्मवरच्या बाईंचा गट ओ पॉझिटिव्ह लिहिलेला. दोन्हींपैकी एक रक्त दुसऱ्याच कुणाचं होतं.

रजिस्टर उघडलं नसतं, तर क्रॉसमॅच अगदी छान जुळलं असतं. क्रॉसमॅच नळी आणि पिशवी जुळवून बघतं, खाटेवरचा माणूस त्याला दिसत नाही. ओ गटाच्या माणसात बीविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं, आधीपासून असतात. बी रक्त ५० मिलिलिटर जरी आत गेलं तरी पेशी फुटतात, थंडी वाजते, कंबर दुखते, लघवी लाल होते, मूत्रपिंडं बंद पडू शकतात.

मी वॉर्डात गेलो. शेजारशेजारच्या खाटांवर एकाच आडनावाच्या दोघी. नळ्यांवर नावं टेबलावरच आधी लिहून ठेवलेली, रक्त नंतर काढलेलं. सगळा घोळ तिथेच झाला होता. "तुम्ही अमुक ना?" असं विचारलं की ग्लानीतला माणूस कशालाही हो म्हणतो. म्हणून विचारलं, "ताई, तुमचं पूर्ण नाव सांगा." हातातल्या पट्टीवरचा नंबर ताडला, रक्त काढलं आणि लेबल खाटेपाशीच लिहिलं. गट ओ पॉझिटिव्ह.

सीबीसीची, म्हणजे हिमोग्लोबिन आणि पेशी मोजायची, नळीही त्याच हातांनी, त्याच वेळी भरलेली. म्हणजे ६.८ वरही भरवसा नव्हता. पुन्हा तपासलं तर ७.४. जुन्या कार्डावर बऱ्या असतानाचा आकडा ७.२. ताईंना दम लागत नाही, छातीत दुखत नाही, फक्त हातापायांत कळा. रक्ताने त्या कळा थांबत नाहीत. उलट प्रत्येक पिशवी शरीरात २०० ते २५० मिलिग्रॅम लोह सोडते आणि नवी प्रतिपिंडं तयार झाली तर पुढच्या वेळी जुळणारी पिशवी मिळणं अवघड होतं. त्यांना सलाईन आणि वेदनाशामक पुरेसं होतं.

६.८ शेजारच्या मावशींचं होतं. पाळीचा रक्तस्राव थांबत नव्हता, नाडी १२०. रक्ताची खरी गरज त्यांना होती, आणि त्यांच्या नावावर ७.४ लागलं होतं. त्यांचीही नळी नव्याने घेतली. बी पॉझिटिव्ह पिशवी फ्रिजमधून निघाल्यावर अर्ध्या तासाच्या आत लावली; या उकाड्यात ती टेबलावर पडून राहणं परवडत नाही. पहिली पंधरा मिनिटं मिनिटाला २ मिलिलिटर, आणि तेवढा वेळ सिस्टर खाटेपाशीच उभ्या होत्या.