नेसरीची खिंड आणि द्रासची तोफ

सैन्यभरतीच्या तयारीला नाशिकला आलेल्या पोरांना मी सामान्य ज्ञान शिकवतो. सकाळी गोल्फ क्लब मैदानावर पळून घामाघूम झालेली पोरं तशीच वर्गात येतात. त्या दिवशी तोफखान्यातून निवृत्त झालेले, देवळाली कॅम्पला राहणारे एक सुभेदारसाहेब बोलायला आले होते.

"सगळ्यात शूर कोण?" त्यांनी विचारलं. पोर दिंडोरीचं असो की पेठचं, उत्तर एकच: प्रतापराव गुजर. विजापूरच्या बहलोलखानाला सोडलं म्हणून महाराज रागावले, ते मनाला लागलं आणि २४ फेब्रुवारी १६७४ ला मोजक्या स्वारांनिशी हे सरनौबत, म्हणजे महाराजांचे सरसेनापती, नेसरीच्या खिंडीत खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि तिथंच कामी आले.

"आणि मागं राहिलेल्या फौजेनं हुकूम कुणाचा ऐकायचा?" वर्ग चिडीचूप. "गनिमी कावा म्हणजे मारा, माघारी फिरा, परत या. तोही महाराजांचाच."

"मग तोफा टाकून यायचं का, साहेब?"

"अजिबात नाही. तोफ हेच आमचं निशाण." मग बाकावरचं दप्तर छातीशी कवटाळून, गुडघे किंचित वाकवून, बोफोर्सचा चाळीस किलोवरचा गोळा कसा उचलतात ते त्यांनी दाखवलं. "कारगिलच्या युद्धात द्रासला आमच्यावर गोळे पडत होते, तरी पोरं हलली नाहीत. मरायची हौस म्हणून नाही. वर पायदळ चढत होतं, त्याला आमचा मारा हवा होता."

पुढचं ऐकताना मात्र पोरं अस्वस्थ झाली. १९९९ च्या त्या युद्धात पाकिस्ताननं स्वतःच्याच सैनिकांचे बरेच मृतदेह स्वीकारले नाहीत. आपल्या जवानांनी ते इस्लामी रिवाजानं दफन केले. टायगर हिलवर पडलेल्या पाकिस्तानी कॅप्टन कर्नल शेर खानच्या ('कर्नल' हे त्याचं नावच) खिशात आपल्या ब्रिगेडियरनं त्याच्या शौर्याची चिठ्ठी ठेवली. पुढे त्याला निशान-ए-हैदर हा पाकिस्तानचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला.

"राग नाही आला?" सिन्नरच्या पोरानं विचारलं.

"आला ना. आपली पोरं गेली होती. पण हुकूम हुकूम असतो, आणि तो आधीपासून अंगात मुरलेला असावा लागतो."

मला हे फार पटलं. रायफल हातात यायच्या आधीच पोराच्या डोक्यात गोष्टी भरलेल्या असतात, आणि आपण त्याला नेसरीच तेवढी सांगतो. पुढच्या तासाला मी चिपळूणच्या छावणीला गेलेलं महाराजांचं पत्र घेणार आहे. दाणावैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाकरी, कोणी भाजी. मग रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असं त्यात स्वतःच्याच सैनिकांना बजावलेलं आहे.