आश्विनातलं ऊन

सर्वपित्री अमावास्या

शरदाचं सगळं कौतुक चांदण्याच्या वाट्याला गेलंय. उन्हाला मात्र 'ऑक्टोबर हीट' म्हणायचं, घामाच्या नावाने बोटं मोडायची आणि एसीचा रिमोट शोधायचा, एवढंच. खरं तर ठाण्यात या दिवसांत जे काही आवडण्यासारखं आहे, त्यातलं निम्मं तरी या उन्हामुळेच होतं.

मुंबई-ठाण्यातून मान्सून माघारी जाण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. त्याच्या मागेपुढे वारा फिरतो. चार महिने समुद्राकडून येणारा ओला वारा मंदावतो आणि पूर्वेकडून, जमिनीवरून, कोरडा वारा येऊ लागतो. दुपारी खाडीकडचा वारा सुटतो, पण उशिरा. कुलाब्यापेक्षा ठाण्याला आणखी उशिरा. मधल्या तीन-चार तासांत पारा ३५-३६वर जातो. अंगाला नकोसं होतं हे खरं, पण भिंती, गाद्या, धान्य, पुस्तकं या सगळ्यांना हेच तीन-चार तास हवे असतात.

दुसरी गोष्ट सूर्याच्या जागेची. मे ते जुलै भरदुपारी तो डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या गॅलरीत ऊन येतच नाही. ऑक्टोबरच्या मध्यात मात्र तो दुपारी दक्षिणेला साधारण ६२ अंशांवर उतरलेला असतो. गॅलरी ४ फूट खोल, वरचा स्लॅब ९ फुटांवर आणि कठडा भिंतीचा, साडेतीन फुटी असेल, तर भरदुपारी ऊन कठड्याच्या पायाशी पडत नाही. तिथून साधारण २ फूट सोडून आतल्या पट्ट्यात पडतं. वाळवण कठड्याला चिकटून ठेवलं की ते दिवसभर सावलीतच बसतं आणि 'आमच्याकडे ऊनच येत नाही' अशी तक्रार होते. ताट आत ओढा. नुसती ग्रिल असेल तर हा प्रश्न नाही.

आश्विन शु. ४

कपाटं उघडण्याचा दिवस. पाऊस गेला असं वाटल्यावर आणखी चार दिवस थांबलेलं बरं, कारण परतीच्या पावसाची एक संध्याकाळ गडगडाटासह हमखास उरलेली असते.

गोधड्या, रजया, गाद्या साडेदहा ते तीन उन्हात, मध्ये एकदा उलटून. चारच्या आत घरात. उन्हातून आणलेली गोधडी तशीच गरम घडी घालून कपाटात कोंबू नये. तासभर पंख्याखाली निवू द्यावी. धान्य-डाळींनाही हाच नियम, उलट जास्त कडक. गरम डाळ डब्यात भरून झाकण लावलं की आत वाफ धरते, झाकणाला पाणी सुटतं आणि आठवड्यात वरचा थर कुबट होतो. बिचारं ऊन बदनाम होतं. चूक असते घाईची.

जरीच्या साड्या थेट उन्हात नाहीत. सावलीत, वाऱ्यावर, उलट्या बाजूने पसरायच्या आणि घडी नव्या जागी मोडायची. वर्षानुवर्षं एकाच रेघेवर घडी राहिली की पैठणी तिथेच फाटते. डांबरगोळी टाकायचीच असेल तर फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात. जरीला तिचा स्पर्श नको.

पुस्तकांनाही ऊन सोसत नाही. बांधणीचा गोंद सुकतो, पुठ्ठा वाकतो. ती पंख्यासारखी उघडून, उभी, सावलीत ठेवायची. बुरशी कोरड्या ब्रशने झाडायची ती गॅलरीत, तोंडाला फडकं बांधून. ओल्या फडक्याने पुसली की ती कागदात आणखी मुरते.

आश्विन शु. ९

उद्या दसरा. जांभळी नाक्यावर झेंडूचे ढीग आहेत आणि ढिगांशेजारी 'आपटा' म्हणून विकला जाणारा कांचनही. दोन्ही एकाच कुळातले, दोन्हींचं पान मधे दुभंगलेलं, त्यामुळे फसायला होतं. आपट्याचं पान लहान, जाडसर, हाताला खरखरीत आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं, पातळ, लांबट. सोनं म्हणून कांचन दिलं तर कोणी परत करत नाही म्हणा. पण खरी गोष्ट ही की आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडण्यापेक्षा दोन पानं पुरतात.

झेंडू घेताना फुलाच्या देठाकडचा हिरवा पेला दाबून पाहावा. ओला, मऊ लागला तर फूल पावसात भिजलेलं आहे. तोरण रात्रीत काळं पडतं. पेला घट्ट असेल तर फुलं तीन दिवस टिकतात.

कोजागिरी

चंद्र साधारण सूर्यास्तालाच उगवतो, म्हणजे सव्वासहाच्या आसपास, पण तेव्हा तो बिल्डिंगांच्या मागे असतो. गच्चीवर दहानंतर गेलेलं उत्तम. तलावपाळीला आणि उपवनला गर्दी होते. चंद्र दोन्हीकडे सारखाच दिसतो, पार्किंग मात्र मिळत नाही.

दूध: म्हशीचं २ लिटर, जाड बुडाच्या पातेल्यात, आटवून दीड लिटरवर. पातेलं आधी चमचाभर पाण्याने विसळून घेतलं की बुडाला कमी लागतं. आच मध्यम आणि कडेची साय सारखी दुधात मोडत राहायची. जी कडेला सुकते तीच करपते. साखर १५० ग्रॅम, पण आटल्यावर, आधी नाही. आधी घातली तर दूध लवकर लागतं आणि रंग तांबूस होतो. बदाम-पिस्ते २५-२५ ग्रॅम, अर्धे भरड, अर्धे काप. सगळंच वाटलं तर दुधाची खीर होते. केशर कोमट दुधात खलून, वेलची आणि जायफळ आच बंद केल्यावर. जायफळ अगदी चिमूट. जास्त झालं तर दूध कडवट लागतं.

आश्विन व. ३

संध्याकाळी सात नंतर रस्त्यावर वास येतो तो सातविणीचा. झाड वर्षभर कोणाच्या लक्षात नसतं: उंच, सरळ, फांदीभोवती सहा-सात पानांचं वर्तुळ. शरदात त्याला हिरवट पांढऱ्या फुलांचे झुपके येतात आणि अंधार पडला की वास पसरतो. लांबून गोड, खाली उभं राहिलं तर डोकं धरतं. ज्यांना अर्धशिशीचा त्रास आहे त्यांनी त्या बाजूच्या खिडक्या संध्याकाळी लावून घ्याव्यात. हिच्या लाकडाच्या शाळेच्या पाट्या करत, म्हणून शास्त्रीय नावात 'स्कोलॅरिस' आलं.

येऊरच्या उतारांवर या दिवसांत कुर्डू, सोनकी, शेवटचा तेरडा. कारवी यंदा शोधू नये. ती आठ वर्षांनी एकदम फुलते: २०१६, मग २०२४, पुढची २०३२. मधल्या वर्षांत चुकार फुलं दिसतात, पण डोंगर जांभळा होत नाही. 'कारवी फुलली' असे जुने फोटो दर ऑक्टोबरला फिरतात आणि लोक गाड्या काढून येऊरला जातात.

आश्विन व. ५

भाजणी. या महिन्यातलं सर्वांत जास्त बिघडणारं आणि सर्वांत कमी समजून घेतलं जाणारं काम.

चकलीसाठी प्रमाण: जुना जाडा तांदूळ १ किलो, हरभऱ्याची डाळ अर्धा किलो, उडदाची डाळ पाव किलो, मुगाची डाळ पाव किलो, धणे १०० ग्रॅम, जिरं ५० ग्रॅम. नवा तांदूळ चालत नाही. त्याने पीठ चिकट होतं.

तांदूळ आणि डाळी वेगवेगळ्या धुवायच्या, चाळणीत तासभर निथळायच्या आणि सुती कापडावर पातळ पसरायच्या. इथे ऊन नको. उन्हात वरचं कोरडं होतं, आतला दाणा ओला राहतो, आणि ठाण्यात कबुतरं आहेत. आतली खोली, पंखा, एक रात्र आणि दुसरा अर्धा दिवस. जुलैत हे जमत नाही, आश्विनात जमतं, कारण हवाच कोरडी झालेली असते. म्हणजे ऊन थेट नसलं तरी काम त्याचंच.

वाळलं का ते बघायला हरभऱ्याची डाळ दाताखाली धरायची. 'टक' करून तुटली तर झालं. दबली तर अजून नाही. ओलसर डाळ कढईत भाजत नाही, वाफवते.

भाजायचं प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर. तांदूळ पांढराशुभ्र आणि हलका होईपर्यंत, डाळी गुलाबीसर होईपर्यंत, धणे-जिरं नुसतं गरम. डाळ तांबडी झाली की गेली: चकली काळपट होते आणि सोऱ्यातून बाहेर येताना तुटते, कारण जास्त भाजलेल्या पिठात धरून ठेवायची ताकद राहत नाही. गिरणीत देताना आधी काय दळलंय ते विचारावं. गव्हानंतर लगेच दळलं तर जात्यात अडकलेली कणीक भाजणीत येते आणि चकली चिवट. गिरणीवाले आपणहून सांगतात; दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात भाजणीची वेळ वेगळी ठेवतात.

उकड: ४ वाट्या भाजणीला ४ वाट्यांना किंचित कमी पाणी. पाण्यात ४ मोठे चमचे तेल, २ चहाचे चमचे मीठ, ३ चमचे तिखट, चमचाभर ओवा, २ मोठे चमचे तीळ. पाणी खळखळलं की आच बंद, भाजणी घालून उलथन्याच्या दांड्याने ढवळून झाकण. अर्धा तास. मग एका वेळी दोन मुठींएवढीच उकड घेऊन, कोमट पाण्याचा हात लावत, चांगली पाच मिनिटं मळायची.

आता सोऱ्या. चांदणीची चकती, आतून तेलाचं बोट. पीठ नीट मळलेलं असेल तर चकली एका धारेत येते आणि काटे उभे राहतात, कडेने बारीक करवतीसारखे. काटे लोळले तर पाणी जास्त झालंय: कोरडी भाजणी चमचाभर घालून पुन्हा मळा. धार मधेच तुटली आणि काट्यांना चिरा दिसल्या तर पाणी कमी किंवा मळणं अपुरं. पाण्याचा हात घ्या. शेवटचं टोक दाबून चिकटवायला विसरू नये, नाहीतर तेलात उलगडते.

तळण: तेल आधी चांगलं तापवायचं, चकली सोडल्यावर आच मध्यम. बुडबुडे जवळजवळ थांबले की काढायची. रंगावर जाऊ नये. मोठ्या आचेवर बाहेरून लाल होते, आत ओल राहते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते. मोहन जास्त झालं तर तेलात विरघळते, कमी झालं तर दगड. पहिली एकच तळून, निवल्यावर मोडून बघायची आणि मगच घाणा लावायचा. हे प्रत्येकाला माहीत असतं आणि घाईत कोणी करत नाही.

आश्विन व. ८

चिवडा. पातळ पोहे कढईत भाजले की आकसतात, वळतात, चुरा होतो. त्यांना ऊन द्यावं: मोठ्या परातीत, वर पातळ सुती कापड, दुपारी दोन तास. हातात चुरगाळून 'कुर्र' वाजले की झालं. मग कढईत फोडणीवर मंद आचेवर परतायचं काम दोन-तीन मिनिटांचं. फोडणीत कढीपत्ता पूर्ण कोरडा, खोबऱ्याचे काप वेगळे तळलेले; एकही ओलं पान राहिलं तर आठ दिवसांत अख्खा डबा मऊ. साखर दळून, चिवडा निवल्यावर.

जिल्ह्यात, शहापूर-मुरबाडकडे, हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात आता कापणीला आलेलं असतं. उशिरा पिकणारं गरवं अजून उभं. परतीच्या पावसाने आडवं झालेलं भात दोन-तीन दिवस ओलं राहिलं तर लोंबीतच कोंब फुटतात. इथे पोह्यांना ऊन मिळालं नाही तर चिवडा मऊ, तिथे वर्षाचं पीक.

आश्विन व. ९

कढीपत्त्याची कुंडी. खाल्लेली पानं दिसली की फवारा घ्यायचा नाही. आधी पान उलटून बघायचं. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, तपकिरी-पांढरी, अर्ध्या इंचाची अळी असेल तर ती लिंबावरच्या फुलपाखराची. पुढे ती हिरवीगार होते. काडीने हलकेच डिवचली तर डोक्यामागून दोन लालसर शिंगं काढते आणि आंबूस वास सोडते. इजा काही नाही. १२ इंची कुंडीतलं झाड दोन-तीन अळ्या सहज पोसतं, त्याहून जास्त असतील तर काही लिंबाच्या रोपावर हलवाव्यात. कोष बहुधा फांदीला लागतो, कधी ग्रिललाही. तो आठ-दहा दिवस हलवू नये. उघडण्याच्या आदल्या दिवशी कोष पारदर्शक होतो आणि आतले पंख दिसतात.

राज्य फुलपाखरू, म्हणजे २०१५ साली ठरलेलं राणी पाखरू, याच कुळातलं, तेही लिंबावर वाढणारं. काळं, मागच्या पंखांवर निळी झाक. घोडबंदर रस्त्याला ओवळ्याच्या फुलपाखरू बागेत या दिवसांत सकाळी नऊ ते अकरा बघायला जावं. ऊन चढलं की ती सावलीत बसतात, आणि फार सकाळी पंख गार असल्याने उडत नाहीत.

आश्विन व. ११

मुलांचा किल्ला. गोणपाट चिखलात बुडवून विटांवर टाकायचं आणि एक दिवस पूर्ण वाळू द्यायचं, मगच रंग. हिरवळीसाठी मोहरी किंवा आळीव आजच पेरायला हवेत. लक्ष्मीपूजनापर्यंत बोटभर उगवतात. वसुबारसेला पेरले तर पाडव्याला हिरवळ आणि तोवर किल्ला नुसता टक्कल. पाणी फवाऱ्याने, सकाळी. तांब्याने ओतलं की बुरूज ढासळतो.

खाडीवर तुतवार आणि धोबी हे पक्षी येऊन स्थिरावलेत. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, अजून तुरळक. मोठे थवे नोव्हेंबर-डिसेंबरपासून. ते बघायला नेणारी ऐरोलीची बोट भरतीच्या वेळेवर चालते, तेव्हा तारीख ठरवण्याआधी भरतीचं कोष्टक बघायचं. २०१५ साली अभयारण्य झालेली ही खाडी २०२२पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आहे.

सूर्यास्त आता सव्वासहाच्या आत. गॅलरीतल्या उन्हाचा पट्टा महिन्याभरात कठड्यापासून आणखी आत सरकलाय. घटस्थापनेला जिथे सावली होती, तिथे आज दुपारी बाराला गोडा मसाल्याचं खोबरं वाळतंय.