एकच ग्लास

दुमागेते, फिलिपिन्स. रविवार, सकाळचे साडेसात

झोप येत नाहीये. केसांना अजून मेणबत्त्यांचा आणि बुलेवार्डवरच्या तळणीचा वास आहे. अंघोळ करून आडवं व्हायचं सोडून लिहायला बसले, कारण रात्रीचं सगळं दोन दिवसांनी असंच आठवेल याची खात्री नाही.

लोलोच्या हायाला गेले होते. हाया म्हणजे इथल्या बिसाया बोलीत मयताच्या घरी रात्र जागवणं. लोलो म्हणजे आजोबा. हे आजोबा नॉर्वेचे, जहाजावरची नोकरी संपवून आमच्या गल्लीच्या टोकाला येऊन राहिलेले. मंगळवारी दुपारी झोपेतच गेले.

मला इथे येऊन दीड वर्ष झालं. कॉल सेंटरमधल्या मुलांना शिकवते, म्हणजे आठवड्याच्या पाच रात्री कानाला हेडसेट आणि पलीकडे अमेरिकेतला दिवस. गावाची रात्र माझ्या वाट्याला येते ती शनिवारचीच. दुमागेते तसं लहान, २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या १,३४,१०३. त्यात १९०१ साली सुरू झालेलं सिलिमन विद्यापीठ आणि इतर कॉलेजं, त्यामुळे रात्री रस्त्यावर दिसतात ती निम्मी पोरंच. आणि त्यांच्यात जागोजागी पांढऱ्या केसांचे परदेशी.

या परदेशी लोकांची रात्र पाचला सुरू होते. रिझाल बुलेवार्ड समुद्राला लागून आहे, कडेला अकेशियाचे मोठे वृक्ष आणि जुन्या वळणाचे दिवे. रस्त्याच्या अलीकडे बार. बारच्या पुढच्या खुर्च्या सगळ्या समुद्राकडे तोंड करून. तिथे ऑस्ट्रेलियन, जर्मन, अमेरिकन, डच, एखादा स्विस असे एका ओळीत बसतात. प्रत्येकाची खुर्ची ठरलेली, बाटली ठरलेली. समोर सिकिहोर बेट निळं होत होत काळं होतं आणि ही माणसं एकमेकांकडे न बघता बोलत राहतात. विषय मी आता पाठ म्हणून दाखवेन: व्हिसाची मुदतवाढ, गुडघ्याचं ऑपरेशन, वीज कधी गेली आणि कधी आली, आणि पेन्शनच्या युरोला यंदा किती पेसो. पर्यटक व्हिसा वाढवत वाढवत यांच्यातले बरेच जण तीन वर्षं काढतात, मग एकदा देशाबाहेर जाऊन येतात आणि पुन्हा पहिल्यापासून. दहाच्या सुमाराला ओळ पांगते. त्यानंतर बँड, पोरांचे घोळके आणि टेम्पुराच्या, म्हणजे तळलेल्या माशाच्या पट्ट्यांच्या, गाड्या.

सुरुवातीला मीही त्या ओळीत बसायचे. परदेशात परक्यांना परकेच भेटतात, तशी गेले. लोक वाईट नाहीत. मला डेंग्यू झाला तेव्हा त्यातल्याच एका डच गृहस्थांनी तीन दिवस नारळपाणी आणून दिलं होतं. पण एखाद्या शनिवारी कोणाची खुर्ची रिकामी दिसली की बाकीचे फक्त 'मनिलाला गेला असेल' म्हणायचे. घर कुठे आहे, हे कोणालाच माहीत नसायचं. वर्षानुवर्षं शेजारी बसून. ते मला फार लागलं.

त्यांच्या संसारांबद्दलही इथे लिहून ठेवते, कारण सुरुवातीला मी मनातल्या मनात फार कठोर होते. सत्तरीचा माणूस आणि तिशीची बायको जोडीने दिसली की मी तोंड फिरवायचे. आता तसं करत नाही. इथे परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही, राज्यघटनेतच तशी तरतूद आहे. म्हणजे म्हातारपणाची पुंजी घालून तो घर बांधतो ते बायकोच्या किंवा तिच्या माणसांच्या जमिनीवर. आणि मुसलमान सोडले तर या देशात घटस्फोटाचा कायदा नाही, त्यामुळे तीही सहजासहजी सुटत नाही. दोघंही मान अडकवून बसलेली. काही ठिकाणी नुसता व्यवहार आहे, तो दिसतो. लोलोच्या घरी तसं नव्हतं. त्यांच्या बायकोला मी दोन वेळा दवाखान्यात त्यांचे पाय दाबताना पाहिलंय, आणि तेव्हा मी तिला दिसत नव्हते.

मला त्या ओळीतून उठवलं ते माझ्या घरमालकिणीने. तिला मी नांग म्हणते, आपल्याकडच्या ताईसारखं. ती मला दाय म्हणते, म्हणजे पोरी. आल्या आल्या तिची नात मला बघून कपाटामागे लपायची, कारण नीट जेवली नाहीस तर बुंबाय पोत्यात घालून नेईल, असा इकडच्या पोरांना धाक. बुंबाय म्हणजे आपण सगळे भारतीय, बॉम्बेवरून पडलेलं नाव. मोटरसायकलवरून फिरून उसने पैसे देणारे पंजाबी इथल्या लोकांच्या डोक्यात बसलेत: पाच घ्या, सहा द्या. कांद्यालाही इथे बॉम्बेच म्हणतात. बाजारात बाई अर्धा किलो बॉम्बे तोलून देते, ते ऐकायला मला अजून गंमत वाटते. नात आता माझ्या मांडीवर बसते.

तर एका शनिवारी मी बुलेवार्डला निघालेले बघून नांग म्हणाली, तिकडे एकटी पैसे देऊन काय पितेस, मागच्या अंगणात ये. अंगणात फणसाखाली नांगचे भाऊ, शेजारचा पेडिकॅबवाला, दोन मावश्या. पेडिकॅब म्हणजे इथली मोटरसायकल जोडलेली रिक्षा. मधे स्टुलावर रेड हॉर्स बिअरची लिटरची बाटली, वाटीत किनिलाव: कच्चा मासा, व्हिनेगर, आलं, मिरची. आणि ग्लास एकच. मी दुसरा ग्लास शोधत राहिले. हाच तागाय. एक जण ओततो, त्याला तांगेरो म्हणतात. तो ग्लास भरून एकाच्या हातात देतो, त्याने रिकामा करून परत द्यायचा, मग पुढच्याची पाळी. ग्लास हातात धरून गप्पा मारत बसता येत नाही, कारण बाकी सगळे त्याच ग्लासाची वाट बघत असतात. कोणाला किती झेपतं हे तांगेरो ओळखून असतो. माझ्या वेळी तो दोन बोटं ओततो, एकही शब्द न बोलता.

पहिला घोट त्याने जमिनीवर सांडला, तेव्हा माझ्या पोटात गलबललं. वेंगुर्ल्याला आजा राखणदाराला असाच पहिला थेंब द्यायचा. पुढच्या वेळी बिअरऐवजी तुबा होती, नारळाच्या पोयीची. म्हणजे आमची माडीच. फक्त हिचा रंग विटकरी, खारफुटीच्या सालीची पूड घालतात म्हणून. चव घेतली आणि मला भंडाऱ्यांच्या वाडीतली सकाळ दिसली, माडावरून मडकं घेऊन उतरणारा माणूस दिसला. मी नांगला सांगितलं, आमच्याकडे हीच पांढरी असते. तिने सगळ्या गल्लीला सांगितलं की बुंबायकडेही तुबा आहे.

लोलो त्याच अंगणात भेटले. ओळीतल्या खुर्च्यांवर मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. ते ग्लास घ्यायचे, संपवायचे, तळहाताने कड पुसून परत द्यायचे. दर वेळी कड पुसायचे.

कालची रात्र. घराबाहेर रस्त्यावरच ताडपत्रीचा मांडव, ट्यूबलाइट, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. आत काचेच्या झाकणाची पेटी, दोन्हीकडे दिवे. त्यांची मुलगी नॉर्वेहून यायची आहे, म्हणून दफन शुक्रवारी. तोवर रोज रात्र जागवायची, प्रेताला एकटं ठेवायचं नाही. एका टेबलावर पत्ते चालू, डावातला थोडा हिस्सा घरच्यांसाठी डब्यात पडतो. बिस्किटं, शेंगदाणे, कॉफी. घरात केर काढायचा नाही. आणि निघणाऱ्याला घरच्यांनी दारापर्यंत सोडायला यायचं नाही, निरोप द्यायचा नाही. हे नांगने मला दबक्या आवाजात समजावलं. मी तिला म्हटलं, आमच्याकडेही मयताच्या घरून उठताना 'येतो' म्हणत नाहीत. तिने माझा हात धरून ठेवला.

साडेआठला बुलेवार्डची ओळ आली. पाच जण. मी त्यांना पहिल्यांदाच पूर्ण पँटमध्ये बघितलं. लोलो त्यांच्या ओळीत बसत नसत, तरी ते आले, याचं मला फार बरं वाटलं. मांडवाच्या कडेला, भिंतीला पाठ लावून, एका रांगेत बसले. सवयच ती. मग पेडिकॅबवाल्याने उठून त्यांच्या खुर्च्या एकेक करून उचलल्या आणि गोलात आणून ठेवल्या. उभे राहा, बसा, एवढंच खुणेने.

ग्लास फिरत त्या थोरल्या ऑस्ट्रेलियनपर्यंत आला. तो बारा वर्षं त्याच बारमध्ये, त्याच खुर्चीवर, आपली बाटली आपण पितो. ग्लास हातात घेऊन तो बघत राहिला. जाम जेलीच्या बाटलीचा जुना ग्लास होता, कडेला एक टवका उडालेला. सगळे गप्प. मग त्याने टवक्याची बाजू वळवली, एका दमात संपवला, आणि तळहाताने कड पुसून तांगेरोकडे दिला. अगदी लोलोसारखी. त्याने लोलोंना कुठे तसं करताना पाहिलं असेल, मला माहीत नाही. लोलोंच्या बायकोने आतून ते पाहिलं. ती बाहेर आली नाही, पण तिने त्याच्यासाठी कॉफी पाठवली, दोन साखरा जास्त घालून.

मग व्हिडिओके, म्हणजे कॅराओके, नको म्हणून कोणी तरी नुसतंच गायला लागलं. डच गृहस्थांनी नॉर्वेच्या बंदरांची नावं सांगितली, पेडिकॅबवाल्याने त्याचा भाऊ ज्या जहाजावर आहे त्याची. तीनपर्यंत.

मयताच्या घरून थेट आपल्या घरी जायचं नाही, आत्मा मागे येतो. मधे कुठेतरी थांबायचं, त्याला पगपग म्हणतात. म्हणून आम्ही अकरा जण दोन पेडिकॅबमध्ये कोंबून बुलेवार्डला गेलो. लाकडी काडीला टोचलेला टेम्पुरा, तिखटगोड रस्सा. बारच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. आम्ही समुद्राच्या कठड्यावर बसलो. फिलिपिन्सचा राष्ट्रवीर होसे रिझाल १ ऑगस्ट १८९६ला याच गावात एक दिवस उतरला होता, त्याने एका स्पॅनिश कॅप्टनच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया केली आणि पुढे निघाला. डिसेंबरात त्याला मनिलात गोळ्या घातल्या. हे मला नांगच्या भावाने सांगितलं, कठड्यावरून पाय हलवत, गावातल्याच कोणाबद्दल सांगावं तसं.

साडेपाचला सिकिहोरच्या बाजूने उजाडलं. ऑस्ट्रेलियनने मला विचारलं, उद्या प्रार्थना किती वाजता. मी म्हटलं, सातला, नऊ रात्री असते. त्याने ते सिगरेटच्या पाकिटावर लिहून घेतलं, आणि खाली घराचा पत्ता लिहून मागितला.

नांगचा आत्ता मेसेज आलाय. संध्याकाळी येताना चाळीस पांदेसाल पाव आण, कोपऱ्यावरच्या बेकरीतले, चारनंतर गरम मिळतात. आणि खुर्च्या कमी पडतायत.