ग्लोव्हज आहेत पण...
काल लेकीच्या हट्टापायी कॉलेज रोडला एका बर्गरच्या काउंटरवर गेलो. दहा मिनिटं उभा, आतला पोरगा रील बघतोय, मान वर करेल तर शपथ. मग पुढच्याची ऑर्डर घेतली, ग्लोव्हज होते बरं का हातात, त्याच हाताने सुट्टे मोजले, नाक खाजवलं आणि तसाच पाव उचलला!! टेबल पुसायचं फडकं इतकं मेणचट की पुसल्यावर टेबल जास्तच चिकट. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी लायसन्स नंबर दिसेल असा लावायचा असतो ना, तो अर्धा कॉम्बो ऑफरच्या पोस्टरखाली. त्याचा फोटो काढला तेव्हा कुठे साहेब बोलले, "काय पाहिजे काका?" काका म्हणे! लेकच म्हणाली, बाबा चला, मिसळ खाऊ.